निळी लड

१

फोटो बघून ताई काय म्हणाली?

बारक्याने हे आधी नर्सला विचारलं, कारण मोबाइल ताईच्या डोळ्यांपुढे तिनेच धरला होता. नर्स हातातली पट्टी गुंडाळत म्हणाली, "दादा, त्या दिवशी माझ्याकडे अठरा पेशंट होते." मग त्याने भाऊजींना विचारलं. भाऊजी म्हणाले, "मी खाली औषधं आणायला गेलो होतो रे." शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला विचारायला तो तिसऱ्यांदा दवाखान्यात गेला, तर ती घरी गेली होती. कोणत्या घरी, ते कोणी सांगेना.

बारक्या हे ताईने ठेवलेलं नाव. आता तो सहा फूट उंच होता आणि एकटा फ्रिज पाठीवर घेऊन तीन जिने उतरायचा, पण नाव तेच राहिलं होतं. लोकांची घरं हलवणाऱ्या कंपनीत तो सामान बांधायचा. शाळा सहावीत सुटली. वाचायला वेळ लागायचा, पण खोक्यावर 'काच', 'किचन', 'वर काही ठेवू नका' एवढं तो झोपेतही लिहू शकला असता. त्याच्या हातात घर दिलं की दुपारपर्यंत भिंती तेवढ्या उरायच्या.

ताईचं उलटं होतं. तिच्या विणायच्या खोलीत दार पूर्ण उघडायचं नाही. कपाटात लोकर, कपाटावर लोकर, शिलाई मशीनच्या पोटात लोकर, जुन्या कुकरमध्ये लोकर. दोनतीन महिन्यांनी ती पदर खोचायची आणि म्हणायची, आज खोली लावणारच. सगळं बाहेर काढायची. त्या ढिगात कधीचा तरी अर्धा मोजा सापडायचा, की बाई तिथेच जमिनीवर मांडी घालून विणायला बसायच्या. संध्याकाळी भाऊजी कामावरून आले की दारातून विचारायचे, "काय, आवरलं का?" आणि ती पायाने सगळं पुन्हा कपाटात लोटायची.

"तुझ्यासारखा माणूस घरात असून माझी ही दशा," ती बारक्याला म्हणायची. "एकदा ये आणि लावून दे."

"बोलव की."

"तू आलास की माझं काही उरायचं नाही."

ती हसत म्हणायची. तोही हसायचा.

२

दवाखान्यात अकराव्या दिवशी तिने खरंच बोलावलं. आवाज बसला होता, तरी म्हणाली, "बारक्या, ती खोली तेवढी लावून ठेव. घरी आल्यावर पसारा नको बघायला."

त्याला काहीतरी करायला हवंच होतं. अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून त्याच्या हातांना वेड लागायची पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तो खोलीत शिरला. झाकणाचे अकरा पारदर्शक डबे आणले होते, टेप होता, मार्कर होता. सुटी लोकर तासाभरात रंगाप्रमाणे लागली. मग राहिली अर्धवट विणलेली कामं. सुयांसकट, पिशव्यांमधून, कपाटाच्या तळातून निघत गेली. एक बाही. एक टोपी, वरून उघडी. कशाची तरी पाठ. मोजली तर एकतीस भरली. ती कुठल्याच डब्यात नीट बसेनात. सुया टोचत होत्या, झाकण लागत नव्हतं.

त्याच्या धंद्यात अर्धं काही नसतं. वस्तू तरी असते, नाहीतर कचरा.

त्याने सुया ओढून काढल्या आणि नंबरांप्रमाणे एका नळीत भरल्या. टाके मोकळे झाले. एक टोक ओढून बघितलं तर सर्र करून ओळच्या ओळ उसवली, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा वाटली. हाताने वेळ लागतो म्हणून त्याने आपल्या ड्रिलमध्ये लाकडी दांडी बसवली, तिला लोकरीचं टोक बांधलं आणि बटण दाबलं. घर्र घर्र आवाज, आणि बघता बघता दांडीवर गच्च गुंडा तयार. ताईच्या चार वर्षांच्या शालीला सहा मिनिटं लागली. शाल निळी होती, गुडघ्यापर्यंत आलेली. तिचे पाच गुंडे झाले. नऊ नंबरच्या डब्यात त्याने ते सगळ्यात पुढे ठेवले, कारण रंग छान दिसत होता.

अकराला खोली अशी झाली की पंखा लावला तर हवा फिरायला लागली. त्याने फोटो काढला आणि ताईच्या मोबाइलवर पाठवला. खाली बघितल्याच्या दोन निळ्या खुणा कधी आल्या, ते त्याने पाहिलं नाही. उत्तर आलं नाही.

साडेबाराला भाऊजींचा फोन आला. "ऐक, ती निळी शाल घेऊन ये. अर्धी झालेली. मागतेय. म्हणते, दोन सुया विणते, बरं वाटेल."

बारक्याने नवव्या डब्याकडे पाहिलं. "सापडत नाहीये," तो म्हणाला.

"एवढं आवरलंस आणि सापडत नाही?" भाऊजी हसले. अकरा दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील. "बघ, बघ. असेल तिथेच."

"बघतो."

तो बघत बसला. डब्यातून पाच निळे गुंडे त्याच्याकडे बघत होते. दवाखान्यात तो त्या दिवशी गेलाच नाही. पहाटे ताई गेली.

आता त्याला एवढंच कळायला हवं होतं, की तिने शाल मागितली ती फोटो बघायच्या आधी की नंतर. आधी मागितली असेल तर ती बिचारी वाट बघत राहिली. नंतर मागितली असेल, तर तिला सगळं दिसलं होतं, आणि तरी तिने मागितली.

३

सतरा दिवसांनी भाऊजींनी घर सोडायचं ठरवलं. ते आपल्या भावाकडे राहायला गेले होते, इथे त्यांच्याने पाय टाकवत नव्हता. घराची एकच किल्ली होती, ती बारक्याच्या हातात देऊन म्हणाले, "तूच बांध. गुरुवारी चारला गाडी येईल. लोकर त्या लोकरवालीला दे, तिला किंमत कळेल."

सोमवारी बारक्याने स्वयंपाकघर बांधलं. कप एकेक कागदात गुंडाळून दोन नंबरच्या खोक्यात. टेप तो दातांनी तोडायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक खोक्यावर टेपच्या टोकाला करवतीसारखी कड असायची, आणि एका जागी खाच, पुढच्या तुटक्या दाताची. कंपनीतली पोरं म्हणायची, बारक्याची सही बघा.

दुपारी तो ताईच्या खोलीत आला. डबे त्याने ठेवले तसेच रांगेत होते. झाकणावर टेप, टेपवर खाच. त्याने नुसती नजर फिरवली आणि ती नवव्यावर थांबली.

पाच निळ्या गुंड्यांतला एक जरा मोठा दिसत होता.

टेप कापून त्याने तो हातात घेतला. बाकीचे चार दगडासारखे होते, ड्रिलने ओढून बसवलेले. हा मऊ होता. दाबला तर दबायचा आणि हळूच फुलायचा. लोकरीचं टोक आत खुपसलेलं होतं. बारक्या टोकं खुपसत नसे, टेप लावत असे.

सैल झाला असेल, त्याने स्वतःशी म्हटलं. उन्हाने. लोकर आहे, फुगत असेल. खिडकीतून ऊन दोन नंबरच्या डब्यावर पडत होतं, नवव्यावर नाही, पण त्याने तिकडे पाहायचं टाळलं.

४

मंगळवारी तो चार दगडी आणि एक मऊ असे पाचही गुंडे पिशवीत घालून लोकरवालीच्या दुकानात गेला. बाई साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. ताई दर आठवड्याला त्यांच्याकडे बसायला जायची.

"ये रे उंटा," त्या म्हणाल्या. "जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"खोटं बोलतोस." त्यांनी एक गुंडा उचलला आणि टेबलावर आपटला. टक् असा आवाज आला. "हे काय? कोणी गुंडाळलं? गाडीखाली घालून आणलंस का?"

त्यांनी टेप काढून वीतभर लोकर सोडवली. ती सरळ पडेना. सगळी नागमोडी, विणीची वळणं तशीच.

"उसवलेली आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "ही तिची शाल. कोणी उसवली?"

"ताईनेच," बारक्या म्हणाला.

शब्द तोंडातून निसटले तेव्हा त्याचे कान तापले. मेलेल्या बहिणीच्या माथी मारलं. ती नाही म्हणायला येणार नव्हती.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिने? बरं. आजारात माणसाचं काय सांगावं." मग नागमोडी लोकर बोटाने सरळ करत म्हणाल्या, "पण तिने उसवली असती तर अशी गुंडाळली नसती. उसवलेल्या लोकरीची आधी लड करायची, सैल, मोठी माळ असते तशी. ती धुवायची, खाली वजन लावून टांगायची. मग वळणं जातात. मग कोणीतरी लड दोन्ही हातांवर धरायची आणि दुसऱ्याने गुंडा करायचा. तेव्हा कुठे ती पुन्हा विणायला चालते. तिला हे मी शिकवलंय."

"हा एक मऊ आहे," बारक्या म्हणाला आणि पाचवा पुढे केला.

त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा मात्र तिचा. हे बघ. अंगठा आत ठेवून गुंडाळायची, म्हणून इथे खळी पडते." त्यांनी आपला अंगठा खळीत घातला आणि लगेच काढून घेतला. अंगठा चोळत राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. गार आहे जरा." गुंडा त्यांनी त्याच्याकडे सरकवला. "घेऊन जा तू हे. एवढे निळे नको मला. बाकीची लोकर पाठव."

तो दारापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझी गंमत सांगायची ती. लड धरायला बसवलं की पाच मिनिटांत हात खाली. कोणी हाक मारली की लड टाकून पळालास. मग ती दोन दोन दिवस गुंता सोडवत बसायची. म्हणायची, आमच्या बारक्याला सगळं उचलता येतं, फक्त हात वर धरता येत नाहीत."

५

ताईच्या घरी परत येऊन त्याने पाचही गुंडे नवव्या डब्यात टाकले, झाकण लावलं, टेप मारला, दातांनी तोडला. मग नळाचा आवाज ऐकू आला.

टप्. बराच वेळ काही नाही. मग टप्.

न्हाणीघरात बादली तर त्याने कालच बांधली होती. दार ढकललं. टॉवेलच्या दांडीवरून एक निळी लड लोंबत होती. ओली, जड, टोकाला पाणी साठून फरशीवर पडत होतं. लड तीन जागी दोऱ्याने बांधलेली होती, गुंता होऊ नये म्हणून. खाली वजनाला एक कप अडकवला होता. काठावर टवका उडालेला ताईचा चहाचा कप.

तो कप त्याने सोमवारी कागदात गुंडाळला होता.

बारक्या दोन नंबरच्या खोक्याकडे गेला. टेप जागेवर. करवतीची कड. खाच. नवव्या डब्याचा टेपही तसाच, त्याच्या थुंकीने अजून ओला. आत चार गुंडे.

त्याने भाऊजींना फोन लावला. "तुम्ही येऊन गेलात का इथे?"

"नाही रे. किल्ली तुझ्याकडे नाही का. का, काय झालं?"

आता सांगावं, असं त्याला वाटलं. सगळंच सांगावं. शाल सापडत नव्हती हे खोटं, ती माझ्या समोर होती, पाच तुकड्यांत. शब्द ओठापर्यंत आले.

"बादली शोधत होतो," तो म्हणाला.

"अरे, तूच बांधली असशील. तुझं तुलाच सापडत नाही हल्ली." भाऊजींना वाटलं आपण विनोद केला. मग त्यांनाच काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांनी घाईने फोन ठेवला.

बुधवारी तो मुद्दाम उशिरा, बाराला आला. दार उघडताच ओल्या लोकरीचा वास आला, पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखा. न्हाणीघरातली दांडी पुरली नव्हती. पडद्याच्या नळीवर, दारांच्या कड्यांवर, पंख्याच्या पात्यांवर लडी टांगल्या होत्या. पांढऱ्या, मातकट, पिवळ्या. प्रत्येकीला तीन जागी दोरा, प्रत्येकीच्या टोकाला एक कप, वाटी नाहीतर चमचा. त्याने मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजल्या. नळीवर टांगलेल्या पाच निळ्या सोडून तीस. एकतीस कामांतली शाल वजा केली की तीसच उरत होती.

खोकी सगळी बंद होती. उचलून पाहिली तर हलकी लागली.

मी वेडा झालोय, हा एक हिशोब होता. मी झोपेत उठून इथे येतो आणि हे करतो, हा दुसरा. दोन्ही त्याला चालले असते. पण तीन जागी दोरा कसा बांधतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याने एक गाठ सोडवून पुन्हा बांधायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

६

गुरुवारी सकाळी त्याने कंपनीतल्या दोघांना बोलावलं नाही. एकट्यानेच सगळी खोकी खाली नेली आणि जिन्यापाशी लावली. वर खाली, वर खाली, बावीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत तो ताईच्या खोलीच्या दारावरून जात होता आणि आत बघत नव्हता. आतून मधूनच एक आवाज येत होता. वेताच्या खुर्चीवर कोणी बूड टेकवून नीट बसतं तेव्हा वेत करकरतो, तसा.

ताईची वेताची खुर्ची त्याने त्या खोलीत स्टुलावर उलटी रचून ठेवली होती. उलट्या खुर्चीवर कोणी बसू शकत नाही. त्याने हे स्वतःला जिना उतरताना सांगितलं, चढताना सांगितलं.

दोन वाजता घर रिकामं झालं. फक्त ती खोली राहिली. तो आत गेला.

लडी वाळल्या होत्या. सरळ झाल्या होत्या, एकही वळण नाही. सगळ्या खिडकीच्या गजावर एका ओळीत, रंगाप्रमाणे, त्याने डबे लावले होते त्याच क्रमाने. निळी एकच लड खाली होती. ती बुटक्या स्टुलावर ठेवलेली होती.

खुर्ची सरळ होती. स्टुलासमोर, हातभर अंतरावर. लहानपणी ताई खुर्चीत बसायची आणि तो स्टुलावर, इतकंच अंतर असायचं. तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे नाहीत.

पळावं, हे त्याच्या पायांना आधी कळलं. दोन पावलं तो दाराकडे गेलाही. बाहेर रस्त्यावर कोणाची तरी गाडी मागे घेताना पीप पीप करत होती. बाहेर सगळं चालू होतं. खाली जाऊन विडी ओढत बसलं, चारला गाडी आली, दार ओढून घेतलं, की संपलं असतं. राहिलेलं नवा भाडेकरू बघेल. अर्धं तर अर्धं.

अर्धं काही नसतं, असं त्यानेच म्हटलं होतं.

त्याने लड उचलली. स्टुलावर बसला, आणि लड दोन्ही हातांवर चढवून हात पुढे केले.

७

आधी काही झालं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, एवढा मोठा बाप्या रिकाम्या खुर्चीपुढे हात पसरून बसलाय म्हणून.

मग वेत करकरला, आणि उजव्या मनगटावरून लोकर सरकली.

एक वेढा सुटला. मग डाव्यावरून एक. लोकर हवेत ताणली जाऊन खुर्चीकडे जात होती आणि तिथे, मांडीच्या उंचीवर, काहीतरी गोल होत होतं. बारक्याने नजर आपल्या गुडघ्यांवर खिळवली. हात आपोआप डुलायला लागले, उजवा, डावा, वेढा सुटायला वाट देत. हे त्याला येत होतं. कोणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, पण येत होतं.

पहिली लड संपली. गुंडा हळूच फरशीवर ठेवल्याचा मऊ आवाज झाला. त्याने न बघता खिडकीच्या गजावरून पुढची निळी लड घेतली. दुसरी. तिसरी.

चौथ्या लडीला खांदे पेटले. फ्रिज उचलणारे हात थरथरायला लागले. तेव्हा तो बोलला, गुडघ्यांकडे बघतच.

"ताई, शाल मी उसवली. सापडत नाही म्हणालो तेव्हा ती माझ्यासमोर होती. बाईंना सांगितलं तूच उसवलीस म्हणून."

लोकर सरकत राहिली.

"फोटो बघून तू काय म्हणालीस?"

लोकर थांबली.

खोलीत इतकी शांतता झाली की त्याला कपांमधलं वाळत आलेलं पाणी ऐकू येईल असं वाटलं. हातांमधली लोकर ताणली जाऊ लागली. मनगटांत रुतली. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग पांढरी. त्याने हात ओढले नाहीत. दुखत होतं म्हणून नाही, पण डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातून त्याची नजर नको तेवढी वर गेली.

गुंडा दिसला. त्याच्या खळीत अंगठा होता. अंगठ्याच्या मागे मनगट, आणि मनगटावर सलाइनच्या सुईवर लावतात ती पांढरी पट्टी, एका कोपऱ्याने सुटलेली. तो कोपरा हलत होता. पंखा खाली गेलेला होता आणि खिडकी बंद होती.

त्याने डोळे गच्च मिटले.

फरशीवर त्याचा मोबाइल वाजायला लागला. भाऊजी असणार. चार वाजले असणार. खाली हॉर्न झाला, एकदा, मग लांबलचक. कोणीतरी जिन्यावरून हाक मारली, "बारक्या, ए बारक्या, आहेस का वर?"

हाक ऐकली आणि लहानपणापासूनच्या सवयीने त्याचे हात खाली आले. लडीचा एक पदर करंगळीवरून घसरला. समोर वेत करकरला, जसं कोणी उठायला पुढे वाकतं.

अजून एक निळी होती. मग खिडकीत तीस.

बारक्याने करंगळीने तो पदर पुन्हा वर ओढला आणि दोन्ही हात उचलले, होते त्याहून जरा वर.